बनारसचा नक्षा आणि संगणकाचा माग

शालूवर वेलबुट्टी विणण्याआधी तिचा नक्षा बांधावा लागतो. संगणकाच्या जगातही आता असेच काहीसे घडू लागले आहे. आज्ञावली यंत्रच लिहू लागले, तर माणसाच्या हाती काय उरते? या प्रश्नाचा एक धागा थेट वाराणसीच्या गल्ल्यांत जाऊन पोहोचतो.

लग्नघरात शालूची खरेदी म्हणजे एक सोहळाच. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र गादीवर घडीमागून घडी उलगडत जाते, नवरीच्या खांद्यावर पदर टाकून पाहिला जातो, रंग खुलतो की नाही यावर प्रत्येकाचे वेगळे मत असते. अशा वेळी सोबत आलेली एखादी जाणती आत्या काही न बोलता पदर उलटा करते आणि मागची बाजू निरखू लागते. बुट्टीच्या आजूबाजूला कापलेले धागे दिसले, तर ते ‘फेकुआ’ काम. प्रत्येक बुट्टी जागच्या जागी सुरू होऊन जागच्या जागी संपली असेल, तर ते ‘कढुआ’. कढुआला वेळ अधिक, मेहनत अधिक आणि अर्थातच किंमतही अधिक.

पण फेकुआ असो की कढुआ, पाकळी नेमकी कुठे वळायची हे मागाला सांगितले कोणी? माग हे तसे अगदी अजाण यंत्र. त्याला फूल कळत नाही, पान कळत नाही, मोर कळत नाही. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना कोणते उभे धागे वर उचलायचे आणि कोणते खालीच ठेवायचे, एवढेच त्याला कळते. धागा उचललेला किंवा न उचललेला, तिसरी गोष्ट नाही. संगणकाचेही तसेच. एक आणि शून्य यापलीकडे त्याला काही उमगत नाही. हे साम्य केवळ वरवरचे नाही. संगणकाच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली, तर तीत रेशमाचा माग फार वरच्या पिढीत सापडतो.

नक्षाबंदाची करामत

वाराणसीत मदनपुरा, अलईपुरा, पीली कोठी या वस्त्यांतून चालताना मागांची खटखट गल्लीतच ऐकू येते. जुन्या पद्धतीच्या मागावर विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. पूर्वी अशा मागावर ‘जाला’ टांगलेला असे. जाला म्हणजे दोऱ्यांत बांधलेले फुलाचे चित्रच! कागदावर काढलेली वेल ‘नक्षाबंद’ नावाचा कारागीर एकेक धागा मोजून दोऱ्यांत उतरवी. मागाजवळ बसलेला मदतनीस, बहुधा एखादा लहान पोरगा, ओळीओळीने त्या दोऱ्या ओढी. त्यासरशी ठरलेले उभे धागे वर येत आणि विणकर धोटा फेकी. विणकराला सगळे फूल डोळ्यांपुढे ठेवण्याची गरज नसे. ते आधीच जाल्यात बांधलेले असे. एकदा बांधलेल्या जाल्यावर कितीतरी साड्या निघत.

म्हणूनच बनारसमध्ये नक्षाबंदाचा मान मोठा होता. विणकराच्या हातून चूक झाली तर एक साडी बिघडे. नक्षाबंदाची चूक त्या जाल्यावरून निघणाऱ्या प्रत्येक साडीत उमटत राही.

फ्रान्समधल्या लिआँ शहरात जोसेफ मारी जाकार याने १८०४ मध्ये या दोऱ्या ओढणाऱ्या पोराची सुट्टी केली. त्याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवली. भोक असेल तिथला धागा वर, नसेल तिथला खाली, आणि धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा. १८३९ मध्ये खुद्द जाकारचे चित्र रेशमात विणले गेले, तेव्हा सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. त्याची एक प्रत इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांच्या दिवाणखान्यात होती. आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी त्यांनी हेच पुठ्ठे योजले होते. १८४३ मध्ये एडा लव्हलेस यांनी बॅबेजच्या यंत्राची तुलना याच मागाशी केली. १८९० मध्ये अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलेरिथ यांच्या भोके पाडलेल्या कार्डांवर मोजली गेली, आणि पुढे अनेक दशके संगणकांना आज्ञा दिल्या जात त्या अशाच कार्डांवरून.

आपल्याकडे जाकारचा ‘जेकार्ड’ झाला. विसाव्या शतकात तो बनारसमध्ये स्थिरावला आणि जाला हळूहळू मागे पडला. येवल्याच्या पैठणीतही जेकार्ड शिरलाच, हे पैठणीचे दर्दी थोड्या नाराजीनेच सांगतात. आता तर नक्षा संगणकाच्या पडद्यावर काढला जातो, पुठ्ठ्यांना भोके यंत्र पाडते, आणि इलेक्ट्रॉनिक जेकार्ड असेल तर पुठ्ठेही लागत नाहीत.

हडपसरचा नक्षा

बनारसमध्ये ज्याला नक्षा म्हणतात, त्याला संगणकशास्त्रात ‘मॉडेल’ म्हणतात. अशा नक्ष्यावरून आज्ञावली आपोआप विणण्याचे मोठे काम महाराष्ट्रातच, पुण्याजवळ हडपसरला झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने तिथे १९८१ मध्ये टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र सुरू झाले. आयआयटी कानपूरमधून आलेले धातुशास्त्रज्ञ प्रा. ई. सी. सुब्बाराव हे त्याचे पहिले संचालक. भारतीय कंपन्या तेव्हा सॉफ्टवेअर म्हणजे परदेशी ग्राहकाने सांगितलेले काम करून देणे, एवढेच जाणत. त्या काळात केवळ संशोधनासाठी वेगळे केंद्र काढणे हे धाडसच होते.

अडचण काय होती? बँकेसाठी किंवा विमा कंपनीसाठी लिहिलेली आज्ञावली लाखो ओळींची. चार-सहा वर्षांत यंत्रे बदलत, माहिती साठवण्याची पद्धत बदले, संगणकाची भाषा बदले आणि तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. वास्तविक बँकेचा व्यवहार काही बदललेला नसे. ठेव ती ठेव, व्याज ते व्याज. मग व्यवहाराचा नक्षा एकदाच नीट बांधून ठेवावा आणि त्यावरून हव्या त्या यंत्राची आज्ञावली यंत्रानेच तयार करावी, असा विचार पुढे आला. त्यातून ‘मास्टरक्राफ्ट’ हे साधन तयार झाले. या केंद्रातले विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी त्यावर लिहिलेले निबंध परदेशातल्या मान्यवर नियतकालिकांतही छापून आले.

नक्षा म्हणजे नक्की काय, हे एका छोट्या उदाहरणाने कळेल. समजा, बनारसच्या एखाद्या घाऊक साडी व्यापाऱ्याला दुकानाचा हिशेब संगणकावर आणायचा आहे. मॉडेल बांधणारा अभियंता आधी आज्ञावली लिहीत नाही. तो विचारतो, तुमच्या व्यवहारात कोण कोण आहे? विणकर, ग्राहक, माल, पावती, उधारी. यांचा एकमेकांशी संबंध कसा? एका पावतीवर अनेक साड्या येतात, पण एक साडी दोन पावत्यांवर येऊ शकत नाही. नियम कोणते? नव्या ग्राहकाला उधारी नाही. लग्नसराईत पन्नास हजारांच्या वर माल घेणाऱ्याला महिन्याची उधारी. हे सगळे चौकटी आणि रेषांनी काटेकोर मांडले, की पडद्यावरचे अर्ज, साठ्याची नोंद, चूक झाल्यास थांबवणारी तपासणी या साऱ्याची आज्ञावली यंत्र विणून देते. उद्या नियम बदलला तर नक्ष्यात बदलायचा आणि पुन्हा विणायचे.

आणि गंमत पाहा! लग्नसराईत एखादा अगदी नवा ग्राहक लाखाचा माल घ्यायला आला, तर त्याला उधारी द्यायची की नाही? वरचे दोन नियम इथे एकमेकांशी भांडतात. व्यापाऱ्याच्या ते कधी लक्षातच आलेले नसते. कारण दुकानात तो स्वतः बसलेला असतो आणि माणूस पाहून ठरवतो. संगणकाला माणूस पाहता येत नाही.

नियमांची ही भांडणे काशीला नवी नाहीत. पाणिनीच्या व्याकरणात सुमारे चार हजार सूत्रे. एकाच शब्दावर दोन सूत्रे लागू होऊ लागली तर कोणते धरायचे, यावर काशीच्या पंडितांनी आयुष्ये वेचली. त्यांतले मोठे नाव नागेशभट्टांचे. उपनाव काळे, घराणे महाराष्ट्रीय, कर्मभूमी काशी. त्यांचा ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ सूत्रांचा अर्थ कसा लावावा आणि विरोध आल्यास काय करावे, याच्याच नियमांचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या फ्रांझ कीलहॉर्न यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे संपादन आणि इंग्रजी भाषांतर केले. १९६७ मध्ये तर पीटर इंगरमन या संगणकतज्ज्ञाने, संगणकी भाषांचे व्याकरण लिहिण्याच्या आधुनिक पद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे, अशी सूचना केली होती. हे वाद अजूनही मिटलेले नाहीत. २०२२ मध्ये केंब्रिजच्या ऋषी राजपोपट यांनी पाणिनीच्या अशाच एका सूत्राचा नवा अर्थ मांडला आणि जाणकारांत पुन्हा खडाजंगी सुरू झाली. चार हजार सूत्रांची ही कथा, तर लाखो ओळींच्या आज्ञावलीचे काय होत असेल!

न थांबणारा माग

सॉफ्टवेअर पूर्वी वर्षाकाठी एकदा, फ्लॉपी किंवा सीडीच्या खोक्यातून यायचे. इंटरनेट आले आणि हा रिवाज मोडला. आज मोबाइलवरचे बँकेचे अॅप किती वेळा बदलले, हे वापरणाऱ्याला कळतही नाही. अभियंत्याने आज्ञावलीचा एक तुकडा बदलला, की तो इतरांच्या तुकड्यांशी लगेच जोडला जातो, आपोआप तपासला जातो, ग्राहकांपर्यंत पोहोचतो आणि तिथे तो कसा चालतो यावर नजर ठेवली जाते. काही बिनसले की फेरी पुन्हा पहिल्यापासून. यालाच अखंड सॉफ्टवेअर अभियांत्रिकी म्हणतात. २०११ मध्ये अॅमेझॉनच्या एका अभियंत्याने भर परिषदेत सांगितले, की त्यांच्याकडे सरासरी दर ११.६ सेकंदांनी एक बदल प्रत्यक्ष वापरात जातो. माग चालू, कापड गुंडाळले जात आहे, आणि त्याच वेळी नक्षाही बदलतो आहे!

अशा धांदलीत एक टाका चुकला तर? अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली पेढीने २०१२ मध्ये ते अनुभवले. आठ संगणकांवर नवी आज्ञावली चढवायची होती, सातांवर चढली, आठवा राहिला. १ ऑगस्टला बाजार उघडला तेव्हा त्या आठव्यातली जुनी, विसरलेली आज्ञावली जागी झाली आणि तिने भराभर सौदे करायला सुरुवात केली. पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार तर अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका छोट्या बदलामुळे जगभरात सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. कारण काय निघाले? नव्या नियमाला माहितीचे २१ कप्पे हवे होते आणि संगणकावर बसलेली आज्ञावली २० च पुरवत होती. बनारसच्या भाषेत सांगायचे, तर नक्षा एकवीस धाग्यांचा आणि मागावर धागे वीस! आधीच्या चाचण्यांत हे पकडले गेले नाही, कारण तोवर एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ अशीच खूण होती. त्या दिवशी प्रथमच तिथे खरोखर काही वाचायची वेळ आली.

हुशार, पण उतावळा शिकाऊ

आता या मागावर कृत्रिम बुद्धिमत्ता येऊन बसली आहे. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आले, २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि साध्या भाषेत काय हवे ते सांगितले की आज्ञावली मिळू लागली. गुगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले, की त्यांच्याकडच्या नव्या आज्ञावलीपैकी पाव भागाहून अधिक यंत्राने लिहिलेली असते आणि अभियंते ती तपासून स्वीकारतात.

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण जाहिरातींच्या गोंगाटात तो हरवतो. हडपसरसारख्या ठिकाणी नक्ष्यावरून आज्ञावली विणणारे यंत्र आणि ही नवी बुद्धिमत्ता, या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिले यंत्र जेकार्डसारखे. तोच नक्षा दहा वेळा दिला, तर दहाही वेळा तेच कापड निघणार. दुसरे आहे कोट्यवधी बुट्ट्या पाहिलेल्या हुशार शिकाऊ पोरासारखे. त्याने जगभरची आज्ञावली वाचलेली असते आणि त्या अनुभवावरून ‘इथे बहुधा असे येत असावे’ असा अंदाज तो बांधतो. अंदाज थक्क करण्याइतका अचूक असतो, पण शेवटी अंदाजच. तेच काम पुन्हा सांगितले तर दुसरे काही निघू शकते. शिवाय न कळलेले विचारून घेण्याऐवजी ठोकून देण्याची खोड या पोराला आहे. उधारीच्या त्या दोन नियमांपैकी एक तो गुपचूप निवडेल आणि पुढे जाईल.

म्हणून जाणकार आता या दोघांना एकत्र जुंपू पाहत आहेत. स्वीडनमधल्या मेलार्दालेन विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२१ मध्ये युरोपात एक मोठा प्रकल्प याच कामासाठी सुरू झाला. त्यात रेल्वे आणि वाहने बनवणाऱ्या कंपन्याही सामील होत्या. जिथे आज्ञावलीच्या चुकीने माणसे दगावू शकतात, तिथे नुसत्या अंदाजावर कोण विसंबणार? कल्पना थोडक्यात अशी. ग्राहकाच्या बोलण्यावरून नक्ष्याचा कच्चा आराखडा बुद्धिमत्तेने करावा. माणसाने तो पाहावा, नियमांची भांडणे सोडवावीत. नक्की झालेल्या नक्ष्यावरून आज्ञावली ठरावीक पद्धतीच्या यंत्राने विणावी. चाचण्या बुद्धिमत्तेने सुचवाव्यात. आणि प्रत्यक्ष वापरात गेल्यावर नोंदींचा जो डोंगर साठतो, त्यात एखादा धागा तुटू लागला आहे का, हेही तिनेच शोधावे. असा डोंगर उपसणे माणसाच्या आवाक्यातले नाहीच.

यातून वेळ किती वाचतो? उत्तर वाटते तितके सरळ नाही. अमेरिकेतल्या मीटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी अभियंत्यांना २४६ कामे वाटून दिली, काही बुद्धिमत्तेच्या मदतीने तर काही मदतीशिवाय करायची. मदत घेतली तेव्हा त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. गमतीचा भाग असा, की आपला वेळ २० टक्क्यांनी वाचला असेच त्यांना काम संपल्यावरही वाटत होते! सरावातल्या मोठ्या आज्ञावलीवर काम करणारे हे लोक होते. नवख्यांचे किंवा छोट्या कामांचे गणित वेगळे असू शकते. पण यंत्राने लिहिलेले वाचून, समजून, दुरुस्त करण्यात जाणारा वेळ आपण धरतच नाही, हे मात्र त्यातून दिसले.

दोऱ्या ओढणाऱ्या पोराचे पुढे काय?

घरोघरी प्रश्न विचारला जातो तो निराळाच. मुलाला संगणक अभियांत्रिकीला घालावे की नाही? जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्यातल्या कित्येक घरांत जेवण गोड लागले नसेल. कंपनीने कारण दिले ते कृत्रिम बुद्धिमत्तेचे नव्हे, तर कौशल्ये जुळत नसल्याचे. नोकरी गेलेल्याला या फरकाने काय दिलासा मिळणार?

बनारसचा अनुभव इथे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. जेकार्ड आला तेव्हा दोऱ्या ओढणाऱ्या पोराचे काम गेले, आणि त्याबद्दल फार हळहळ वाटू नये. ते काम कोवळ्या हातांचे होतेच कशाला? पण पुढे यंत्रमाग आले, सुरतेहून स्वस्त नकला येऊ लागल्या आणि विणकरांचीच मजुरी घसरली. २००९ मध्ये बनारसी साडीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी तोवर कित्येक कुटुंबांनी माग बंद करून दुसऱ्या शहरांत मजुरी धरली होती. नक्षा एकदा पुठ्ठ्यावर चढला, की तो कोणालाही उचलता येतो. तो बांधणाऱ्याच्या पदरी काय पडते, हे यंत्र ठरवत नाही. ते बाजार ठरवतो.

सॉफ्टवेअरमध्ये दोऱ्या ओढणारी पोरे म्हणजे नव्याने लागलेली मुले. छोट्या दुरुस्त्या करायच्या, चाचण्या चालवायच्या, नोंदी वाचायच्या. पहिली दोन-तीन वर्षे याच कामात जात आणि त्यातूनच ती पुढे नक्षाबंद होत. नेमके हेच काम बुद्धिमत्ता आता घेऊ पाहते आहे. मग यंत्राचे काम तपासू शकणारी जाणती माणसे दहा वर्षांनी येणार कुठून? कंपन्या यावर सहसा बोलत नाहीत. शिकाऊंवर खर्च करायचा तो आज, फायदा मिळणार उद्या, आणि उद्या तो मुलगा दुसऱ्याच कंपनीत गेलेला असणार.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी म्हणूनच एखाद्या संगणकी भाषेची घोकंपट्टी करण्यापेक्षा दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचायला शिकावे. एखादे दुकान, ग्रंथालय, सहकारी पतपेढी घेऊन तिचे नियम कागदावर मांडून पाहावेत आणि ते कुठे भांडतात ते शोधावे. त्यासाठी महागडा संगणक लागत नाही. दुकानदाराशी तासभर गप्पा मारण्याची तयारी मात्र लागते, आणि ती आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अजून फारशी शिकवली जात नाही.

बनारसमध्ये संगणकावर नक्षा काढणाऱ्याला आजही विणकराशी बोलावेच लागते. पडद्यावर मोर नाचत असला, तरी आधी पाहायचे ते हे, की ज्या मागावर तो चढायचा आहे त्याच्या जेकार्डला हुक किती. दोनशे चाळीस हुकांच्या मागावर चारशेंचा मोर बसत नाही. हुक कळले, धागे मोजून झाले, की मग पुठ्ठ्यांना भोके पाडायला सुरुवात होते.